बिळातला पाहुणा: आफ्रिकेचा पांढरपोट्या जर्बिल आणि प्लेग

लिंपोपो नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या माळाला तिकडचे लोक बुशव्हेल्ड म्हणतात. विरळ बाभळी, मोपाने आणि मरूलाची झाडं, मधे गुडघाभर गवत. सफारीच्या गाडीतले पर्यटक सिंह दिसेल म्हणून माना उंच करून बसलेले असतात. गाडी ज्या वाळूच्या वाटेने चाललेली असते तिच्या कडेला, गवताच्या बुडख्याशी, कटिंग चहाच्या ग्लासाच्या तोंडाएवढं एक भोक असतं. तोंडाशी ओंजळभर वाळू उपसून टाकलेली. ती वाळू ताजी, ओलसर दिसली तर समजायचं, घरात कुणीतरी आहे.

हे घर जर्बिलचं. आपल्याकडे जर्बिल म्हटलं की पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिंजऱ्यात चाक फिरवणारा इवलासा जीव आठवतो. तो मूळचा मंगोलियाचा. आफ्रिकेतला हा त्याचा रानटी भाऊबंद. शास्त्रीय नाव गर्बिलिस्कस ल्यूकोगॅस्टर. ग्रीकमध्ये ल्यूको म्हणजे पांढरं आणि गॅस्टर म्हणजे पोट. विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने मोझांबिकमधून आणलेल्या नमुन्यांवरून 1852 मध्ये त्याचं वर्णन केलं. पोट खरोखरच धुतल्या धोतरासारखं शुभ्र, पाठ तांबूस तपकिरी, त्यामुळे नाव चपखल बसलं. आफ्रिकान्स भाषेत जर्बिलांना सरसकट ‘रातउंदीर’ अशा अर्थाचं नाव आहे, तेही खरंच. मराठीत नाव असण्याचं काही कारण नाही, म्हणून या लेखापुरतं त्याला पांढरपोट्या म्हणतो.

अंगोलापासून मोझांबिकपर्यंत आणि कांगोच्या दक्षिण भागापासून दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागापर्यंत तो सापडतो. धोक्यात वगैरे अजिबात नाही. वजन सुमारे 70 ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून थोडं जास्त. शेपटी अंगापेक्षा लांब आणि तिच्या वरच्या बाजूने काळपट रेघ गेलेली. डोळे मोठे आणि काळे. मागचे पाय लांब, त्यामुळे दचकला की धावत नाही, उडतो. वरच्या पुढच्या दातांवर उभी खोबण असते. घुबडांच्या उलटीतल्या गोळ्यांमधून हाडं निवडणाऱ्या अभ्यासकांना असा दात मिळाला की जर्बिल ओळखायला सोपं जातं. गव्हाणी घुबडाच्या जेवणात हा प्राणी नेहमीचाच.

कानांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जर्बिलांच्या कवटीत मधल्या कानाभोवतीचा हाडाचा फुगा शरीराच्या मानाने बराच मोठा असतो. तबल्याच्या डग्ग्यासारखा. पोकळी मोठी असली की खालच्या पट्टीतले आवाज चांगले ऐकू येतात, आणि घुबडाच्या पंखांची फडफड किंवा सापाच्या अंगाची वाळूवरची सळसळ नेमकी त्याच पट्टीत असते. वाळवंटात राहणाऱ्या जर्बिलांमध्ये हा फुगा आणखी मोठा असतो, कारण तिथे लपायला झुडूप नाही. लपायची सोय जितकी कमी, तितका कान तयार ठेवावा लागतो.

पण या प्राण्याचं खरं आयुष्य बिळात आहे, आणि त्याच्यामुळे माणसाच्या इतिहासात जे काही घडलं तेही बिळामुळेच. म्हणून आधी बीळ समजून घेऊ.

पांढरपोट्याला वाळूमिश्रित, भुसभुशीत जमीन लागते. चिकण मातीत तो फारसा रमत नाही. बुशव्हेल्डमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी वाळूचा पृष्ठभाग इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. पण जमिनीत जसजसं खाली जावं तसतसा दिवस-रात्रीचा फरक कमी होत जातो. साधारण अर्ध्या मीटरवर तो जवळपास नाहीसाच होतो. वर दुपार असो की मध्यरात्र, खाली एकच तापमान. जुन्या काळी आपल्याकडे धान्य साठवायला जमिनीत पेव खणायचे, त्यातलं हेच तत्त्व. पेवात उतरलेल्या माणसाला गुदमरायला होतं हेही आपल्याला ठाऊक असतं. बिळातही हवा कोंदट असते, श्वासातून सुटलेला वायू साठतो. जर्बिलला त्याची सवय आहे.

आता पाण्याचा हिशेब. या माळावर पाऊस ठरावीक महिन्यांत पडतो आणि उरलेलं वर्ष कोरडं जातं. पांढरपोट्या गवताचं बी, पानं, मुळं आणि वाळवीसारखे किडे खातो. पाणवठ्यावर जाऊन पाणी पिताना तो क्वचितच दिसेल. मग पाणी येतं कुठून? थोडं पानांतून आणि किड्यांच्या अंगातून. उरलेलं त्याच्या शरीरातच तयार होतं. ही जादू नाही, शाळेतली रसायनशास्त्राची गोष्ट आहे. पिठूळ पदार्थात हायड्रोजन असतो. शरीर त्या पदार्थाचं ज्वलन करतं तेव्हा तो हायड्रोजन श्वासातल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि पाणी बनतं. 100 ग्रॅम पिष्ट जाळलं की सुमारे 55 ग्रॅम पाणी मिळतं. आपल्या शरीरातही भाकरी खाल्ल्यावर हेच होतं, फक्त आपण इतकं पाणी घामात, लघवीत आणि श्वासात उधळतो की ही कमाई खिजगणतीत राहत नाही.

जर्बिल उधळत नाही. त्याला घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत. मूत्रपिंड लघवी इतकी घट्ट करतं की थेंबभरच बाहेर पडते. श्वासातून जाणारी वाफही तो वाचवतो: आत घेतलेल्या हवेने नाकाचं अस्तर थंड होतं आणि बाहेर पडणारा दमट श्वास त्याच थंड अस्तराला लागून त्यातल्या थोड्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. तरीही काही बाष्प निसटतंच. ते निसटलेलं बाष्प कोंडून ठेवतं बीळ. दिवसभर आत बसून श्वास सोडला की बिळातली हवा दमट होते आणि दमट हवेत अंगातलं पाणी कमी उडतं. थोडक्यात, पांढरपोट्या रात्री बियांमधून पाणी कमावतो आणि दिवसा बिळात ते सांभाळतो.

इथवर सगळं कौतुकाचं. आता त्याच बिळाची दुसरी बाजू.

थंड, दमट, अंधाराचं, वर्षानुवर्षं वापरातलं घर जर्बिलला जितकं सोयीचं, तितकंच पिसवेलाही. आपल्याला पिसू माहीत असते ती कुत्र्याच्या अंगावरची उडी मारणारी. पण ते तिच्या आयुष्यातलं शेवटचं रूप. पिसवेची अंडी प्राण्याच्या अंगावरून घरंगळून खाली, बिळातल्या केराकचऱ्यात पडतात. त्यातून बारीक अळ्या निघतात. त्या रक्त पीत नाहीत. गवताचा चुरा, प्राण्याच्या अंगाचा कोंडा आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त यावर त्या जगतात, आणि कोरड्या हवेत पटकन सुकून मरतात. म्हणजे पिसवेला यजमान जितका हवा, तितकंच यजमानाचं घर हवं. जर्बिलने स्वतःचं पाणी वाचवण्यासाठी जी दमट हवा कोंडली, तिच्यावर एक अख्खं पिसूकुटुंब पोसलं जातं. अशा घरात एखादा नवा पाहुणा येऊन मुक्काम ठोकायला किती वेळ लागणार?

तो पाहुणा म्हणजे प्लेगचा जिवाणू, यर्सिनिया पेस्टिस. 1894 मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिनने तो शोधला. दोन वर्षांनी, 1896 मध्ये, तीच साथ मुंबईत मांडवी भागात उतरली. पुढे पुण्यात काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. 22 जून 1897 ची रात्र आणि गणेशखिंडीचा रस्ता आपल्या शालेय पुस्तकांत आहे. तुलनेने कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की जिवाणू उंदरावरून माणसावर पिसवेमार्फत येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये आपल्याच उपखंडात, कराचीत, प्रयोग करून दाखवलं. त्या वेळी त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही.

पिसू हे काम कसं करते, तो प्रकार जरा किळसवाणा आहे पण समजून घेण्यासारखा आहे. पिसवेच्या घशाच्या पुढे, पोटाच्या तोंडाशी, एक झडप असते. आजारी उंदराचं रक्त प्यायल्यावर जिवाणू या झडपेवर वाढतात आणि चिकट पदार्थाने एकमेकांना धरून तिथे बूच बसवतात. आता पिसवेने कितीही रक्त ओढलं तरी ते पोटात उतरत नाही. ती उपाशी राहते, वेड्यासारखी चावत सुटते, आणि दर चाव्याला ओढलेलं रक्त बुचावर आपटून परत येतं. येताना जिवाणू घेऊन ते चावलेल्या जागेत शिरतं. बेकॉट आणि मार्टिन या दोघांनी हे 1914 मध्ये उलगडलं. हे बूच साधारण 28 अंशांच्या वर नीट बसत नाही. दख्खनमध्ये प्लेग हिवाळ्यात भडकायचा आणि वैशाखात ओसरायचा, त्याचं एक कारण यात असावं. आणि बिळात तर वैशाख पोचतच नाही.

इथे आपल्या कथेला जहाज लागतं.

1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी, यांचं युद्ध पेटलं. इंग्रजांच्या घोडदळाला चारा हवा होता, तो अर्जेंटिनातून मागवला जाऊ लागला. प्लेग तोवर बंदराबंदराने फिरत दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचलाच होता. चाऱ्याच्या गठ्ठ्यांबरोबर उंदीर आले, उंदरांबरोबर पिसवा. 1901 च्या सुरुवातीला केपटाऊनच्या गोदीत माणसं आजारी पडू लागली. लष्कराचा चारा आणायचा निर्णय वरच्यांचा होता. पण साथ येताच सरकारने गोदीत राबणाऱ्या हजारो काळ्या लोकांना शहरातून उचलून उइटफ्लुख्त या ठिकाणी तारेच्या कुंपणात नेऊन ठेवलं. ती वस्ती पुढे एंडाबेनी झाली. वंशावरून वस्त्या वेगळ्या करण्याच्या तिथल्या धोरणाला प्लेगने आयतं निमित्त दिलं, असं तिथले इतिहासकार सांगतात. पुण्यातल्या घरझडत्या आठवत असतील तर ही गोष्ट परकी वाटणार नाही.

शहरातली साथ काही काळाने विझली. जिवाणू मात्र विझला नाही. बंदरातल्या उंदरांकडून, रेल्वेने धान्य आणि चाऱ्याबरोबर, तो आतल्या शेतांपर्यंत सरकत गेला आणि तिथून रानातल्या प्राण्यांमध्ये उतरला. 1920 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतातल्या शेतांवर लोक प्लेगने मरू लागले तेव्हा शोध घेणाऱ्यांना जर्बिलांच्या वसाहती सापडल्या, मेलेल्या जर्बिलांसकट. पांढरपोट्या आणि त्याचा जवळचा भाऊबंद हायव्हेल्ड जर्बिल यांची बिळं तोवर या जिवाणूचं कायमचं घर झाली होती.

मग शेतमालकांनी आणि सरकारने विषारी दाणे पेरले, बिळांमध्ये विषारी वायू सोडले. साथीच्या काळात माणूस वाचवायला दुसरं काय करणार, हे मान्य. पण जर्बिलांना ‘रोगाचं भांडार’ म्हणणाऱ्या शास्त्रीय लिखाणात एक साधी गोष्ट फार लवकर मागे पडते: दक्षिण आफ्रिकेच्या जर्बिलला हा रोग 1900 च्या आसपास माणसाच्या युद्धाने, माणसाच्या जहाजातून मिळाला. पूर्व आफ्रिकेत प्लेगची जुनी ठाणी होती, ती गोष्ट वेगळी. दक्षिणेच्या या माळावर मात्र जर्बिल यजमान आहे आणि पाहुणा आपण पाठवलेला आहे.

मग रानातल्या बिळातून जिवाणू शेतमजुराच्या झोपडीत येतो कसा? जर्बिल घरात येत नाही. त्याला माणसाच्या वस्तीची ओढच नाही. इथे दुसरं पात्र येतं: बहुस्तनी उंदीर, शास्त्रीय नाव मॅस्टोमिस. मादीला बारा-बारा जोड्यांपर्यंत स्तनाग्रं असतात, यावरून ती किती पिल्लं वाढवत असेल याचा अंदाज करा. पाऊस चांगला झाला, पीक चांगलं आलं की यांची संख्या भसाभस वाढते. हा उंदीर रानातही राहतो आणि घराच्या भिंतीतही. रानात तो बरेचदा जर्बिलच्या जुन्या बिळांमध्ये घुसतो. तिथल्या पिसवा अंगावर घेतो आणि रात्री धान्याच्या कणगीकडे जातो. जर्बिलच्या अंगावरच्या पिसवा वेगळ्या जातीच्या आणि घरउंदराच्या वेगळ्या. त्या सहसा आपापला यजमान सोडत नाहीत. बहुस्तनी उंदीर मात्र दोन्ही घरांचा पाहुणा असल्यामुळे त्याच्या अंगावर दोन्हीकडच्या पिसवांची गाठ पडते. गावातला एखादा माणूस असतो ना, या वाड्यातली गोष्ट त्या वाड्यात नेणारा, तसं.

यात आणखी एक मेख आहे. प्लेगच्या आठवणी सांगणारी जुनी माणसं ‘उंदीर पडायला लागले’ असं म्हणायची. घरात उंदीर पडला की माणसं गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायची. म्हणजे मरणारा उंदीर हीच धोक्याची घंटा. पण जो प्राणी जिवाणूने झपाट्याने मरतो, तो जिवाणूला फार काळ सांभाळू शकत नाही. यजमानच संपला तर पाहुणा राहणार कुठे? जर्बिलांमध्ये काही प्राणी मरतात आणि काही तगून राहतात. तगलेल्यांच्या बिळात, त्यांच्या पिसवांमध्ये, जिवाणू गुपचूप दिवस काढतो. वर माळावर सगळं शांत, एकही उंदीर पडलेला नाही, आणि खाली निखारा राखेत. मग पाऊस चांगला होतो, बहुस्तनी उंदीर वाढतात, आणि निखारा गवताला लागतो. दक्षिण आफ्रिकेत माणसांमधली शेवटची नोंदलेली साथ 1982 मध्ये ईस्टर्न केपमधल्या कोएगा इथे झाली. त्यानंतर शांतता आहे. राख मात्र अजून तपासत राहावी लागते.

प्लेगच्या शोधात जर्बिल चिरता चिरता तिकडे आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि माझ्या मते ती या प्राण्याच्या चरित्रातली सर्वांत विलक्षण आहे.

जोहान्सबर्गच्या साउथ आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये जेम्स हंटर हार्वी पिरी नावाचा डॉक्टर होता. हा गृहस्थ तरुणपणी 1902 ते 1904 या काळात स्कॉटिश अंटार्क्टिक मोहिमेवर डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ म्हणून जाऊन आलेला, शिवाय पोस्टाच्या तिकिटांचा नादिष्ट. टायगर रिव्हर नावाच्या ठिकाणचे जर्बिल मरत होते. प्लेग असेल असं वाटावं, पण प्लेग निघाला नाही. यकृतावर डाग होते आणि त्यात एक अनोळखी जिवाणू होता. पिरीने 1927 मध्ये त्याचं वर्णन ‘टायगर रिव्हर रोग’ म्हणून केलं आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांच्या मानार्थ जिवाणूला लिस्टेरेला असं नाव दिलं.

इकडे केंब्रिजमध्ये मरे, वेब आणि स्वान या तिघांना वर्षभर आधी प्रयोगशाळेतल्या सशांमध्ये आणि गिनीपिगमध्ये एक जिवाणू सापडला होता. दोन्ही नमुने लंडनला एकाच ठिकाणी पोचले तेव्हा कळलं, दोन्ही एकच. पुढे लक्षात आलं की लिस्टेरेला हे नाव आधीच दुसऱ्या सजीवाला दिलेलं आहे. नावांच्या बाबतीत जीवशास्त्राचे नियम सात-बाराच्या उताऱ्यापेक्षा कडक असतात. म्हणून 1940 मध्ये पिरीने ते बदलून लिस्टेरिया केलं.

तोच हा लिस्टेरिया, ज्याच्यासाठी डॉक्टर गरोदर बाईला कच्च्या दुधाचं चीज आणि तयार थंड मांस टाळायला सांगतात. फ्रिजमध्ये बहुतेक जंतू वाढायचे थांबतात, हा थांबत नाही. चार अंशांवरही हळूहळू वाढतो. जर्बिलपासून तो माणसात येतो असं मात्र समजू नका. तो मातीत, सडक्या पाल्यात, जनावरांच्या आतड्यात सगळीकडे असतो. जर्बिल फक्त त्याला बळी पडलेला आणि त्यामुळे आपल्याला त्याची ओळख करून देणारा. पिरीनंतर 90 वर्षांनी, 2017-18 मध्ये, त्याच देशात लिस्टेरियाची जगातली सर्वांत मोठी नोंदलेली साथ आली. 1,060 रुग्ण, 200 हून जास्त मृत्यू, रुग्णांमध्ये नवजात बाळं फार मोठ्या संख्येने. उगम निघाला पोलोनी या स्वस्त, तयार मांसाच्या प्रकारात, एका कारखान्यात. ज्या संशोधनसंस्थेत पिरी काम करायचा तिच्या परंपरेतल्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने जिवाणूचा जनुकीय माग काढून कारखान्यापर्यंत धागा जोडला.

आपल्या देशाचा या प्राण्याशी संबंध काय, असा प्रश्न पडला असेल तर तो नावापुरता तरी जुना आहे. पांढरपोट्याचं आधीचं शास्त्रीय नाव ततेरा ल्यूकोगॅस्टर होतं. ततेरा ही प्रजाती आपल्या भारतीय जर्बिलच्या नावाने ओळखली जाते: ततेरा इंडिका, हार्डविकने 1807 मध्ये वर्णन केलेला. त्याच्या उड्यांवरून उत्तरेकडे त्याला हरणाच्या नावाने ओळखतात. महाराष्ट्रात माळरानावर, शेताच्या बांधावर, झुडपाखाली त्याची बिळं असतात आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याला त्याचं कौतुक असण्याचं कारण नाही. दिसायला दोघे इतके सारखे की शंभरेक वर्षं शास्त्रज्ञांनी त्यांना एकाच प्रजातीत ठेवलं. गुणसूत्रं आणि डीएनए तपासल्यावर लक्षात आलं की आफ्रिकेतली मंडळी वेगळ्या शाखेतली आहेत. आता ती सगळी गर्बिलिस्कसमध्ये गेली आणि ततेरा प्रजातीत आपला एकटा इंडिका उरला.

नाव वेगळं झालं तरी काम तेच. भारतात रानटी प्लेगचा विषय निघाला की पहिलं नाव या ततेराचं येतं. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या तापाचे रुग्ण सापडले आणि महिनाभरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला. त्याच्या आदल्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. पडलेली घरं, त्यात अडकलेलं धान्य, ते खायला आलेले घरउंदीर आणि रानातले जर्बिल यांची सरमिसळ झाली असावी, असं काही तज्ज्ञांनी तेव्हा मांडलं. ती मांडणी सिद्ध झाली असं म्हणता येणार नाही. पण पात्रांची रचना पाहा: बिळातला एक, घरातला एक, आणि दोघांना एकत्र आणणारी धान्याची रास. आफ्रिकेत जे बहुस्तनी उंदीर करतो, ते इथे दुसऱ्या कुणीतरी केलं असेल.

आता शेवटचा आणि थोडा उलटा प्रश्न. जर्बिल, उंदीर, पिसवा यांची संख्या कुणाच्या हातात असते? घुबडांच्या आणि सापांच्या, असं उत्तर पटकन सुचतं. केनियातल्या एका प्रयोगाने वेगळं उत्तर दिलं.

लाइकिपिया पठारावर एम्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात 1995 मध्ये मोठमोठ्या तुकड्यांना कुंपणं घातली गेली. काही तुकड्यांत कुणालाही मज्जाव नाही, काहींत हत्ती आणि जिराफ बाहेर, काहींत झेब्रे आणि हरणंही बाहेर. जमीन कशी, तर काळी. इंग्रजीत तिला आपल्या कापसाच्या काळ्या मातीचंच नाव आहे. उन्हाळ्यात भेगा पडणारी, पावसात पायाला किलोभर चिकटणारी. उंदरांना मात्र कुंपणाची अडचण नाही, ते तारेखालून ये-जा करतात.

मोठे प्राणी जिथून हटवले तिथे उंदरांची संख्या साधारण दुप्पट झाली. कारण गूढ नाही. झेब्रा जे गवत आणि बी खातो ते आता उंदरांसाठी उरतं, आणि वाढलेल्या गवतात लपायलाही मिळतं. उंदीर वाढले तसे ते खाणारे सापही वाढले. आणि पिसवाही. प्रत्येक उंदरामागे पिसवा वाढल्या असं नव्हे, पण उंदीरच दुप्पट म्हटल्यावर माळावरच्या एकूण पिसवा दुप्पट, आणि त्यांनी वाहून नेलेले जिवाणूही (प्लेगचे नव्हेत, दुसरे) त्याच मानाने जास्त. तिथे सर्वाधिक सापडतो तो गालात पिशव्या असलेला उंदीर. पांढरपोट्याचा पूर्व आफ्रिकेतला भाऊबंद, शेपटीच्या टोकाला केसांची झालर असलेला जर्बिलही, त्या भागात राहतो. हत्तींच्या शिकारीच्या बातम्या वाचताना पिसवांचा विचार आपल्या मनात येत नाही. या कुंपणांमुळे तो करता येतो.

हे मोजायची पद्धत अगदी साधी आहे. घडी होणारी पत्र्याची लांबट डबी असते, तिला शर्मन सापळा म्हणतात. संध्याकाळी त्यात ओट्स आणि शेंगदाण्याचं लोणी ठेवायचं. आफ्रिकेतल्या उंदराचाही शेंगदाण्यापुढे इलाज चालत नाही. पहाटे, ऊन चढायच्या आत, फेरी मारायची, कारण पत्रा तापला तर आतला जीव भाजेल. दार पडलेलं दिसलं की डबी कापडी पिशवीत रिकामी करायची. वजन, मादी की नर, कानाला बारीक पट्टी. मग पांढऱ्या ताटलीवर धरून दाताच्या ब्रशने किंवा बारीक फणीने पाठीवरून उलट विंचरायचं. पिसवा टपटप पडतात, त्या उडायच्या आत कुपीत भरायच्या. शेवटी जिथे पकडलं तिथेच, त्याच गवताच्या बुडख्याशी सोडायचं. जर्बिल असेल तर क्षणभर आपल्याकडे पाहतो, वाळूत तीन-चार उड्या मारतो आणि भोकात नाहीसा होतो.